शाळेतला भूगोल आणि वस्तीची जागा

मार्च २०२० मध्ये महाराष्ट्रातील दहावीच्या परीक्षेचा शेवटचा पेपर राहिला होता. तो भूगोलाचा होता. कोरोनाची साथ आली, पेपर आधी पुढे ढकलला गेला आणि नंतर रद्द झाला. इतर विषयांच्या सरासरीवरून भूगोलाचे गुण देण्यात आले. त्या परिस्थितीत दुसरे काही करणे शक्य नव्हते हे मान्यच आहे. परंतु 'बरे झाले, भूगोलच होता' हा उद्गार त्या दिवसांत मी कोल्हापुरात पालकांकडून ऐकला, विद्यार्थ्यांकडून ऐकला आणि काही शिक्षकांकडूनही ऐकला. गणिताचा पेपर राहिला असता तर असे कोणी म्हटले नसते.

या उद्गारात भूगोलाची शाळेतली पायरी दिसते. दहावीला लेखी परीक्षेत चाळीस गुण, एक नकाशा भरायचा, एक आलेख काढायचा, दोन-चार 'भौगोलिक कारणे' पाठ करायची, एवढ्यावर विषय संपतो. अकरावी-बारावीला तो ऐच्छिक होतो आणि बहुतांशी कला शाखेत घेतला जातो. विज्ञान शाखेचा खर्च आणि शिकवणीचा खर्च ज्यांना झेपत नाही अशी आपली बरीच मुले कला शाखेत येतात, आणि प्रात्यक्षिकाचे वीस गुण हाती लागतात म्हणून भूगोल घेतात. म्हणजे ज्या विषयाला प्रतिष्ठा नाही, तोच विषय आपल्या मुलांच्या वाट्याला अधिक येतो. मी अनेक वर्षे हा विषय शिकवतो आहे. माझे म्हणणे असे की, शाळेच्या शेवटच्या तीन-चार वर्षांत शिकवल्या जाणाऱ्या विषयांपैकी आपली वस्ती जिथे आहे तिथेच का आहे, या प्रश्नाला हात घालण्याची साधने प्रत्यक्ष हातात देणारा विषय भूगोलच आहे. ही साधने दिली जातात, पण ती कशावर चालवायची हे सांगितले जात नाही. ते सांगणे हे आपले काम आहे.

प्रथम हा विषय काय करू शकतो ते कोल्हापूरच्याच उदाहरणाने पाहू. जिल्ह्याच्या पश्चिमेला गगनबावड्यात वर्षाला पाच हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो. तिथून शंभर किलोमीटरच्या आत, पूर्वेला शिरोळकडे, तो पाचशे-सहाशेवर येतो. अरबी समुद्रावरून येणारे वारे सह्याद्रीला अडतात, वर चढतात, थंड होतात आणि तिथेच रिकामे होतात. पुढे पर्जन्यछायेचा प्रदेश लागतो. पश्चिमेला जांभी माती, भात आणि नाचणी. पूर्वेला नदीकाठची काळी कसदार माती आणि ऊस. कासारी, कुंभी, तुळशी आणि भोगावती या नद्यांच्या पाण्याने पंचगंगा होते आणि नरसोबाच्या वाडीला ती कृष्णेला मिळते. भोगावतीवर राधानगरीला शाहू महाराजांनी विसाव्या शतकाच्या पहिल्या दशकात धरण हाती घेतले. नदीत बरगे घालून पाणी अडवणारे 'कोल्हापूर पद्धतीचे बंधारे' पुढे महाराष्ट्रभर गेले. हे सारे कार्यकारणाने जोडलेले आहे. डोंगर आहे म्हणून पाऊस, पाऊस आहे म्हणून नदी, नदी आहे म्हणून बंधारा, बंधारा आहे म्हणून ऊस. विद्यार्थ्याला अशी साखळी लावता आली की त्याला भूगोल आला.

पण ही साखळी गावाच्या वेशीपाशी येऊन तुटते. दहावीच्या २०१८ साली आलेल्या पुस्तकात भारत आणि ब्राझील यांची तुलना आहे. त्यात 'मानवी वस्ती' असा पाठ आहे. बारावीच्या २०२० च्या पुस्तकात मानवी वसाहती आणि भूमी उपयोजन असा पाठ आहे. वस्ती केंद्रित असते, विखुरलेली असते, रेषाकृती असते, हे विद्यार्थी शिकतो. पाणी, सुपीक व सपाट जमीन, रस्ता, संरक्षण ही वस्तीच्या स्थानाची कारणे तो लिहितो. आता त्याच विद्यार्थ्याने वही मिटून घराबाहेर पहावे. त्याच्या गावात एक वस्ती नाही. एक गाव आहे आणि गावापासून काही अंतरावर वाडा आहे. मध्ये ओढा असेल, पांद असेल किंवा नुसते मोकळे रान असेल. गाव पाण्याजवळ का, याचे उत्तर पुस्तकात आहे. मग त्याच पाण्यापासून, त्याच सपाट जमिनीपासून वाडा बाजूला का, याचे उत्तर पाऊस, माती आणि उतार यांच्यात सापडत नाही. 'गाव तिथे महारवाडा' ही म्हण लोकांनी केली तेव्हा त्यांना हा भूगोल ठाऊकच होता.

बारावीला भूगोलाचे स्वरूप शिकवताना दोन विचारांची नावे येतात. एक निसर्गवाद. माणूस कसा जगेल हे निसर्ग ठरवतो, असे तो मानतो. जर्मन अभ्यासक रॅट्झेल याचे नाव या विचाराशी जोडले जाते. दुसरा संभववाद. निसर्ग शक्यता पुढे ठेवतो, निवड माणूस करतो, असे फ्रेंच अभ्यासक विदाल द ला ब्लाश याच्या परंपरेत मांडले गेले. विद्यार्थी या दोन वादांतील फरक चार गुणांसाठी पाठ करतात. वस्तुतः आपल्या दृष्टीने हा साऱ्या अभ्यासक्रमातला सर्वांत मोलाचा फरक आहे. जातिव्यवस्था स्वतःला नेहमी निसर्गासारखी दाखवत आली. जन्माने जागा ठरते, जागेने काम ठरते, आणि हे पावसासारखे आपोआप होते, असे तिने पिढ्यान्‌पिढ्या सांगितले. संभववाद समजलेला विद्यार्थी विचारतो : येथे निवड कोणी केली? ज्याला निवडता आले नाही तो कोठे राहिला?

महारवाडा अनेक गावांत पूर्वेला असतो, असे सांगितले जाते. आपल्याकडे पश्चिमेचा वारा अधिक काळ वाहतो, त्या वाऱ्याने वाड्यावरची हवा गावावर येऊ नये म्हणून ही दिशा निवडली, असे त्याचे कारण देतात. हे विधान विद्यार्थ्यांनी तसेच्या तसे लिहून घेऊ नये, तपासावे. पंचक्रोशीतील दहा गावे घ्यावीत, प्रत्येक वाड्याची दिशा होकायंत्राने नोंदवावी, नदीचा किंवा ओढ्याचा प्रवाह कोणीकडे जातो ते पहावे, वाडा पाणवठ्याच्या वरच्या अंगाला आहे की खालच्या, ते पहावे. दहा गावांत सहा-सात ठिकाणी एकच दिशा आली तर तो योगायोग नाही हे त्यांना स्वतःला कळेल. नाही आली, तर दुसरी कारणे शोधावी लागतील. दोन्ही वेळा अभ्यासच होईल.

आता नकाशाकडे वळू. भारतीय सर्वेक्षण विभागाचा स्थलदर्शक नकाशा वाचायला विद्यार्थी शिकतो. त्याचे नेहमीचे प्रमाण १:५०,०००. म्हणजे नकाशावरचा एक सेंटिमीटर जमिनीवर अर्धा किलोमीटर. गाव आणि वाडा यांत शंभर मीटरचे अंतर असेल तर या नकाशावर ते दोन मिलिमीटर होते. वस्ती लाल रंगात दाखवतात. दोन मिलिमीटरच्या फटीकडे कोणाचे लक्ष जात नाही. दोन्ही लाल ठिपके मिळून एकच गाव दिसते. पाणी निळ्या रंगात दाखवतात. विहिरीची खूण नकाशात असते, पण त्या विहिरीवर कोणाचा पोहरा चालत होता ते खुणेत नसते. महाडला १९२७ साली जे चवदार तळे माणसांना बंद होते, तेही कोणत्याही नकाशात निळेच असते. यात नकाशा खोटे बोलतो असे नाही. नकाशा आपल्या प्रमाणाने बोलतो. प्रमाण बदलले की दिसणारे बदलते. १:५०० च्या नकाशावर तेच शंभर मीटर वीस सेंटिमीटर होतात आणि अंतर डोळ्यांत भरते.

हा केवळ शिकवण्याचा दाखला नाही, त्यात घराचा प्रश्न आहे. गेल्या काही वर्षांत ड्रोनच्या साहाय्याने गावठाणांचे १:५०० प्रमाणाचे नकाशे करण्याचे काम चालू झाले. २०२० मध्ये केंद्राची 'स्वामित्व' योजना जाहीर झाली. या मोजणीतून गावठाणातील घराला मिळकत पत्रिका मिळते. तिच्यावर कर्ज निघू शकते, हक्क सांगता येतो. मात्र मोजणी होते ती गावठाणाची. गावठाणाची हद्द कोठे संपते आणि आपले घर तिच्या आत आहे की बाहेर, हा प्रश्न म्हणून निर्णायक ठरतो. वस्ती वाढली, वाड्यात जागा उरली नाही, आणि पुष्कळ भूमिहीन कुटुंबांनी गायरानात घरे बांधली. २०२२ च्या अखेरीस उच्च न्यायालयातील प्रकरणानंतर गायरानातील अतिक्रमणे काढण्याच्या नोटिसा राज्यभर निघाल्या, तेव्हा कोल्हापूर जिल्ह्यातही हजारो घरांच्या पोटात गोळा आला. मोर्चे निघाले, ते निघायलाच हवे होते. पण ज्या घरात बारावीचा भूगोल शिकलेला एक मुलगा किंवा मुलगी आहे, त्या घराला नोटिशीतला गट नंबर गावनकाशात शोधता आला पाहिजे, गावठाणाची आणि गायरानाची रेघ दाखवता आली पाहिजे. भूमिहीनांच्या प्रश्नावर दादासाहेब गायकवाडांच्या नेतृत्वाखाली १९५९ आणि १९६४ साली सत्याग्रह झाले. जमिनीचा प्रश्न आपल्या चळवळीला नवा नाही. त्या प्रश्नाचा कागद वाचायला शाळा शिकवते, एवढेच येथे सांगायचे आहे.

जमीन का नाही, यालाही भूगोलाच्या पुस्तकात शब्द नाही. 'प्राथमिक आर्थिक क्रिया' या पाठात शेती येते. जमिनीचा आकार आणि सिंचन येते. वतन येत नाही. महाराला गावकामाच्या बदल्यात मिळालेली हाडकी-हाडवळ्याची जमीन भाऊबंदांत वाटून वाटून तुकडे झाली, आणि तिच्या बदल्यात सारे घराणे गावाच्या हाकेला बांधले गेले. शाहू महाराजांनी १९१८ मध्ये कोल्हापूर संस्थानात महार वतन बंद केले. बाबासाहेबांनी मुंबई कायदेमंडळात १९२८ साली वतन कायद्याच्या दुरुस्तीचे विधेयक मांडले. मुंबई राज्यात कनिष्ठ गाववतने रद्द करणारा कायदा १९५८ साली झाला. हा क्रम इतिहासाच्या तासाला एखादे वेळी येतो. पण उसाच्या पट्ट्यात कोणाकडे बागायत आहे आणि कोण दुसऱ्याच्या फडात मजुरीला जातो, हे समजायला तो भूगोलाच्या तासाला हवा. ४ नोव्हेंबर १९४८ रोजी घटना समितीत बाबासाहेबांनी खेड्याच्या गौरवावर जो घणाघात केला, त्यामागे हा वस्तीचा आणि जमिनीचा भूगोल होता.

पुराचे उदाहरण घ्या. पंचगंगेची पातळी राजाराम बंधाऱ्यापाशी मोजतात. ३९ फूट ही इशारा पातळी, ४३ फूट ही धोका पातळी. ऑगस्ट २०१९ मध्ये आणि पुन्हा जुलै २०२१ मध्ये पाणी पंचावन्न फुटांच्या वर गेले. धोका पातळीपासून हा फरक बारा-तेरा फुटांचा, म्हणजे चार मीटरच्या आतबाहेर. आता १:५०,००० च्या नकाशावर दोन समोच्च रेषांमधील अंतर साधारणतः वीस मीटरचे असते. याचा अर्थ असा की, ज्या चार मीटरांनी घरे बुडाली ते चार मीटर त्या नकाशात दिसतच नाहीत. ते पायाखाली दिसतात. गाव उंचवट्यावर आणि वाडा ओढ्याच्या किंवा नदीच्या अंगाला असेल, तर तीन-चार मीटरच्या त्या उतारात सारे आले : पाणी आधी कोणाच्या दारात येते, चिखल शेवटी कोणाच्या घरातून निघतो, आणि पंचनाम्याच्या वेळी घर कोणाच्या नावावर आहे हे कोणाला विचारले जाते. पाटबंधारे खात्याच्या नकाशात निळी आणि लाल अशा दोन पूररेषा असतात. निळी रेषा अधिक वेळा येणाऱ्या पुराची, लाल क्वचित येणाऱ्या मोठ्या पुराची. आपल्या वस्तीतील कोणती घरे कोणत्या रेषेच्या आत आहेत, हे वस्तीतल्या मुलांनी पायी फिरून, जुन्या माणसांना २००५, २०१९ आणि २०२१ च्या पाण्याच्या खुणा विचारून वहीत उतरवावे. पुनर्वसनाच्या मागणीला असा कागद जोडता येतो.

उद्योगाच्या पाठातही हेच करता येते. उद्योगाच्या स्थानाची कारणे म्हणून कच्चा माल, मजूर, बाजारपेठ, वाहतूक असे मुद्दे विद्यार्थी लिहितात. कोल्हापुरी चप्पल घ्या. कातडे गावोगावच्या मेलेल्या जनावरांचे. ते कमवायला बाभळीची साल आणि हिरडा. हिरडा सह्याद्रीच्या रानातला. बाजारपेठ संस्थानच्या राजधानीची. पुस्तकातील सारे मुद्दे येथे लागू पडतात. मात्र मेलेले जनावर ओढायचे कोणी, कातडे कमवायचे कोणी आणि चप्पल शिवायची कोणी, हे जातीने वाटून दिले होते. महार-मांग, ढोर आणि चांभार अशी ती वाटणी होती. स्थानाच्या कारणांत जात हे कारण लिहिल्याशिवाय या उद्योगाचे उत्तर पूर्ण होत नाही. २०१८-१९ च्या सुमारास या चपलेला भौगोलिक मानांकन मिळाले. महाराष्ट्रातील कोल्हापूर, सांगली, सातारा, सोलापूर आणि कर्नाटकातील बेळगाव, बागलकोट, धारवाड, विजापूर अशा आठ जिल्ह्यांचा तो हक्क आहे. जून २०२५ मध्ये प्राडा या इटालियन कंपनीने मिलान येथे तशीच चप्पल मांडली आणि सुरुवातीला मूळ सांगितले नाही, तेव्हा मोठा गदारोळ झाला आणि कंपनीला तिचे भारतीय मूळ मान्य करावे लागले. 'कोल्हापूरचा अपमान' असे तेव्हा सर्वजण बोलले. जागेचे नाव सर्वांनी आपले म्हटले. ज्या हातांना त्या कामामुळे शतकानुशतके शिवू दिले नाही, त्या हातांचे नाव थोड्यांनी घेतले. मानांकन भौगोलिक आहे, म्हणून या प्रश्नाची चर्चा भूगोलाच्या वर्गात झाली पाहिजे.

एवढे वाचून कोणी म्हणेल की हा भूगोल केवळ दुःखाचा आहे. तसे नाही. जागा माणसांनी ठरवली असेल तर ती माणसांना बदलता येते, आणि कोल्हापुरात ती बदललेली दिसते. खेड्यापासून शाळा दूर, शहरात राहायला जागा नाही, ही अडचण अंतराची होती. १९०१ पासून येथे निरनिराळ्या समाजांची वसतिगृहे उभी राहिली. १९०८ मध्ये अस्पृश्य विद्यार्थ्यांसाठी मिस क्लार्क वसतिगृह निघाले. १९१७ मध्ये प्राथमिक शिक्षण सक्तीचे व मोफत झाले. १९१९ मध्ये अस्पृश्यांच्या वेगळ्या शाळा बंद करून मुलांना सर्वांबरोबर एका शाळेत बसवण्याचा हुकूम निघाला. गंगाराम कांबळे यांनी भर शहरात भाऊसिंगजी रस्त्यावर चहाचे हॉटेल काढले आणि महाराज तेथे चहा घेऊ लागले. मार्च १९२० मध्ये माणगावला परिषद झाली. ही सारी समाजसुधारणेची उदाहरणे म्हणून सांगितली जातात. भूगोलाच्या दृष्टीने पाहिले तर प्रत्येक वेळी एखादी बंद जागा उघडली गेली : शाळेची खोली, बाजारातला रस्ता, परिषदेचे मैदान.

उलट बाजूही ध्यानी घ्यावी. डिसेंबर २०२० मध्ये राज्य शासनाने वस्त्यांची जातिवाचक नावे बदलून समतानगर, भीमनगर, ज्योतीनगर, शाहूनगर, क्रांतीनगर अशी नावे देण्याचा निर्णय घेतला. निर्णय योग्यच आहे. जातीचे नाव पत्त्यात घेऊन कोणी जगू नये. पण नाव बदलल्याने दिशा, उतार आणि पाणवठ्यापासूनचे अंतर बदलत नाही. पाटी नवी लागली की प्रश्न मिटला, असे मानणाऱ्यांसमोर वस्तीचा मोजलेला नकाशा ठेवावा लागतो.

आता शिक्षकमित्रांसाठी काही. दहावीच्या पुस्तकाचा पहिलाच पाठ 'क्षेत्रभेट' आहे. ही क्षेत्रभेट बहुधा पन्हाळ्याच्या सहलीत संपते. ती आपल्याच गावात काढता येईल. मुले मिश्र गटांत असावीत. प्रत्येक गटाने सारे गाव फिरावे : देऊळ, चावडी, पाण्याची टाकी, शाळा, स्मशान, वाडा. पाण्याच्या टाकीपासून प्रत्येक वस्तीच्या शेवटच्या नळापर्यंत पावले मोजावीत. डांबरी रस्ता कोठे संपतो ते लिहावे. स्मशाने किती आणि कोणाची, ते विचारावे. एक गोष्ट मात्र कटाक्षाने टाळावी. वर्गात एखाद्याला उभे करून 'तुझी वस्ती कोठे?' असे विचारणे हा भूगोल नव्हे. आपल्या मुलांना नमुना म्हणून मांडू नये. अंतर वाड्याने ठेवलेले नाही, गावाने ठेवले आहे; म्हणून मोजणी गावाच्या मध्यापासून सुरू करावी आणि उत्तर देण्याची जबाबदारी सर्वांवर टाकावी.

विद्यार्थ्यांना सांगायचे ते असे. परीक्षेत पुस्तकातील मुद्दे लिहाच. गुण सोडण्यात पराक्रम नाही. पण 'मानवी घटक' असा जो मोघम शब्द पुस्तकात येतो, तेथे तुमच्या गावाचे एक खरे उदाहरण द्या. आणि बारावीनंतर हा विषय टाकून देऊ नका. मोजणी, दूरसंवेदन, संगणकावरील नकाशे यांचे काम वाढते आहे; शिवाजी विद्यापीठात भूगोलाचा पदव्युत्तर अभ्यास होतो; स्पर्धा परीक्षांतही हा विषय आहे. नोकरी हे एक कारण झाले. दुसरे कारण असे की, धरणाची जागा, रस्त्याची आखणी, गावठाणाची हद्द, पूररेषा हे निर्णय नकाशावर होतात. त्या नकाशाभोवती बसणाऱ्यांत आपली माणसे अजून थोडी आहेत. ती तेथे बसली नाहीत तर रेघ पूर्वीसारखीच आपल्या घरावरून जाईल, आणि ती सरळ ओढली म्हणून तिला कोणी नैसर्गिकही म्हणेल.

कार्यकर्त्यांनी आपल्या अभ्यासवर्गात एखादा रविवार गावनकाशाच्या वाचनासाठी ठेवावा. एक नकाशा, एक टेप, एक होकायंत्र आणि वस्तीतली दोन वयस्क माणसे एवढे पुरे आहे.